कागद जुळतो

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास रूपलने एक पिवळा पडलेला कागद माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाबा, हा कुठल्या ढिगात टाकू? घरचं की दवाखान्याचं? यात तुमचं नाव आहे."

रूपल म्हणजे डॉक्टर हस्तीमल कांकरियांची नात. डॉक्टरसाहेब दिवाळीत गेले. दिल्लीहून त्यांना मानपत्रं यायची, परदेशातून पत्रं यायची, मुंबईचे मोठे डॉक्टर सिकलसेलबद्दल विचारायला नंदुरबारला येऊन त्यांच्या ओट्यावर बसायचे. सिकलसेल म्हणजे आमच्या डोंगरातला रक्ताचा आजार. आईबापाकडून येतो, हाडं दुखतात, मुलं दगावतात. साहेबांनी चाळीस वर्षं त्यावर काम केलं. आलेलं प्रत्येक पत्र आणि पाठवलेल्या प्रत्येक पत्राची कार्बनप्रत घरात होती. कारण भूरीबाई, त्यांच्या पत्नी, अक्षर असलेला कागद फाडू देत नसत आणि जाळूही देत नसत. त्यांच्या जैन धर्मात तो अक्षराचा अपमान. त्याला त्या आशातना म्हणतात. चुकून कागदाला पाय लागला तरी हात जोडायच्या.

अकरा पेट्या निघाल्या होत्या. पुण्याची एक संस्था शुक्रवारी येऊन दवाखान्याची पत्रं नेणार होती. घरची पत्रं घरीच राहणार. गावांची आणि माणसांची नावं ओळखायला रूपलने मला बोलावलं होतं. साहेबांचे कागद डोंगरातल्या गावांत पोहोचवायचं आणि त्यांचा अर्थ आमच्या बोलीत सांगायचं काम मी अठ्ठावीस वर्षं केलं होतं. गुरुवारी माझी नात मयूरी हिचं लग्न होतं, पण साहेबांच्या घरून बोलावणं आल्यावर नाही म्हणवलं नाही. दुपारच्या गाडीने परत निघायचं ठरवूनच आलो होतो.

"नात याची उजवते आणि नवा सदरा हा घालून आलाय," भूरीबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या होत्या. ऐंशी ओलांडल्या तरी जीभ तशीच. "गुरुवारपर्यंत मळवशील ना रे रूपसिंग."

"दुसरा आहे, बाई."

"दोन-दोन सदरे! साहेबांच्या वेळी तर एकच होता तुला."

आम्ही हसलो होतो. त्याला तासही झाला नव्हता.

मी कागद हातात घेतला. मला वाचता येतं, पण हळू येतं. पन्नाशीला आलो होतो तेव्हा साहेबांनी मला अक्षरं शिकवली. अजूनही बोट ठेवल्याशिवाय ओळ सरळ राहत नाही. पत्र साहेबांनी डॉक्टर इमॅन्युएल या त्यांच्या जुन्या मित्राला लिहिलेलं होतं. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"प्रिय इमॅन्युएल, माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी रक्ताच्या निकालावर लाल पेन्सिलीने वर्तुळ काढतो, हे तुम्ही पाहिले आहे. कोरे वर्तुळ म्हणजे दोष नाही. अर्धे लाल म्हणजे माणूस स्वतः निरोगी, पण दोष पुढे नेणारा. पूर्ण लाल म्हणजे आजार. रूपसिंगला मी सांगितले होते, लोकांना समजाव की दोन अर्धे एकत्र आले की पूर्ण होते. त्याने माझे वाक्य जसेच्या तसे गावोगाव सांगितले."

इथपर्यंत मला बरं वाटत होतं. जसंच्या तसं सांगणारा म्हणूनच तर माझं नाव होतं. मी पुढे बोट सरकवलं.

"लोकांनी त्या वर्तुळात चंद्र पाहिला. पूर्ण चंद्र म्हणजे पौर्णिमा, म्हणजे शुभ. कोऱ्या वर्तुळाला ते अवस म्हणू लागले. कोरा कागद असलेल्या दोन मुलींची लग्ने त्यामुळे अडली. आणि अर्धे कागदवाले अर्ध्या कागदाचीच सोयरीक शोधू लागले, कारण दोन अर्ध्यांचा पूर्ण होतो, असे दवाखान्यानेच सांगितले आहे. 'असे लग्न करू नका' हे शब्द मी उच्चारलेच नव्हते. ते मी गृहीत धरले. अशी अकरा जोडपी मला सापडली आहेत. यादी सोबत आहे."

रूपल काहीतरी विचारत होती. मला तिचं तोंड हलताना दिसत होतं.

"दहा घरी मी स्वतः जाऊन आलो. एक जोडपे सापडले नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेले, मुक्काम कळत नाही. वर्तुळे मी बंद केली आहेत. रूपसिंगला पेन्सिल संपली असे सांगितले. त्याला हे कळू देऊ नका. तो खचेल, आणि मग डोंगरात माझा शब्द नेणारा कोणी उरणार नाही. यात माझा स्वार्थ आहे, हे मी जाणतो. त्याला आता अक्षरे शिकवायची ठरवले आहे."

यादी दुसऱ्या कागदावर होती. मी ती मागितली. सातव्या ओळीवर बोट थांबलं. "भिला आणि तुळशीबाई. सापडले नाहीत."

भिला माझ्या मुलाचा होणारा व्याही होता. त्याच्याच मुलाशी, मिथुनशी, मयूरीचं गुरुवारी लग्न होतं.

बावीस वर्षं गुजरातेत ऊस तोडून भिला दोन वर्षांपूर्वी गावी परत आला होता. मागणी त्यानेच घातली. मयूरीचं रक्त शाळेत तपासलेलं. तिचा निकाल अर्धा, हे सगळ्यांना माहीत. म्हणून मागणी आली तेव्हा मी पहिला प्रश्न हाच केला होता, "भिला, पोराचा कागद पाहिला का?" त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "पाहिला, बाबा. कागद जुळतो." माझा मुलगा बाज्या खूश झाला, मीही खूश झालो. जुळतो म्हणजे चांगला असणार, यापुढे मी विचारच केला नाही.

आता तोच शब्द छातीवर येऊन बसला. जुळतो म्हणजे काय? कशाशी जुळतो?

"बाबा, पाणी देऊ का?" रूपल माझा दंड धरून विचारत होती.

"तुम्हाला माहीत होतं, बाई?" मी भूरीबाईंकडे वळून विचारलं.

झोपाळा थांबला. "ते रोज म्हणायचे, आज सांगतो रूपसिंगला," त्या म्हणाल्या. "मग तू यायचास, पिशवी भरून घ्यायचास. सांगायचं राहून जायचं."

"मला सांगितलं असतं तर मी भिलाला शोधून काढलं असतं. गुजरातेत व्याऱ्याच्या बाजूला आमचे निम्मे लोक ऊस तोडतात. साहेबांना मुक्काम कळत नव्हता, पण मला आठ दिवसांत कळला असता."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात आवाज चढवला होता.

मी रूपलला म्हटलं, हा कागद मला दे, आत्ता निघायचं आहे. ती घाबरली. म्हणाली, संस्थेला सगळं मोजून द्यायचं आहे, आणि यादीत दुसऱ्यांची नावं आहेत, ती बाहेर जाता कामा नयेत. तिचं खरं होतं. ज्याचा निकाल त्यालाच सांगायचा, तिसऱ्याच्या कानावर घालायचा नाही, ही साहेबांचीच शिस्त. शेवटी तिने समोरच्या दुकानातून पहिल्या कागदाची झेरॉक्स आणून दिली. यादीचा कागद मी स्वतःच पेटीत ठेवला.

निघताना भूरीबाई म्हणाल्या, "त्यांना शिव्या द्यायच्या तर दे. पण रस्ता नीट बघून जा."

बस अर्धी रिकामी होती, तरी मी उभाच राहिलो. बाज्याला फोन करावा असं तीनदा वाटलं. पण काय सांगणार? मला अजून काहीच पक्कं माहीत नव्हतं. मिथुनचा कागद कोरा असेल, जुळतो म्हणजे चालतो असंच भिलाला म्हणायचं असेल. आईबाप दोघं अर्धे असले तरी चारातलं एक मूल कोरं निघू शकतं, हे मी साहेबांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. त्या एका मुलावर मी सगळा जीव टांगला.

"बाबा, विसरवाडी उनी," कंडक्टर ओरडला. "उतरा, नहीते सोनगडले जाशात!"

विसरवाडीहून आत जाणाऱ्या जीपमध्ये मागच्या फळीवर जागा मिळाली. जीपमधल्या बायका लग्नाचंच बोलत होत्या. होळी झाली की आमच्याकडे घरोघरी लग्नं. एकीने मला ओळखलं. "कागदवाले बाबा ना तुम्ही? गुरुवारी आम्ही येणार हं नाचायला." मी मान हलवली. तिच्या घरीही मी एके काळी कागद नेला होता. यादीतल्या बाकीच्या दहांत तिचं नाव होतं की नाही, ते मी मुद्दाम आठवलं नाही.

भिलाच्या अंगणात मांडव उभा राहत होता. जांभळीच्या ताज्या फांद्या ओढून आणलेल्या, दोघं जण खांब रोवत होते. आमचं बोलणं आमच्या बोलीत झालं. इथे ते मी शाळेच्या मराठीत लिहितो आहे.

"अरे वा!" भिला कुदळ टाकून पुढे आला. "नवरदेव पळून जातो का ते बघायला आलात? बांधून ठेवलाय त्याला, काळजी करू नका."

खांब रोवणारे हसले. तुळशीबाई दारातून म्हणाली, "पाणी तर पिऊ द्या त्यांना. आल्याबरोबर चेष्टा."

"भिला, आत चल," मी म्हटलं. "तूही ये, तुळशी."

माझा आवाज ऐकून तिने पदराला हात पुसले आणि दार लोटून घेतलं.

मी बसलो नाही. सरळ विचारलं, "मिथुनचा कागद दाखव."

"दाखवतो की. त्यात काय?" भिलाने फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत आधारकार्ड, रेशनकार्ड आणि त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. सगळ्यात वरचं कार्ड गुजरातच्या सरकारी तपासणीचं. मला गुजराती अक्षरं लागत नाहीत. पण कार्ड अर्धं पांढरं, अर्धं पिवळं होतं. ते मला लागलं.

"अर्धा," भिला म्हणाला. अभिमानाने म्हणाला. "तुमची मयूरीही अर्धी. बाबा, मी गुजरातेत राहिलो, पण तुमचा शब्द विसरलो नाही. पोराला तीन ठिकाणच्या मागण्या आल्या होत्या. एक तर पाच एकरवाल्याची. मी म्हटलं, नाही. अर्ध्याला अर्धीच पाहिजे."

मग त्याने पिशवीतून आणखी दोन कागद काढले. घड्यांवर फाटलेले, धुराने काळवंडलेले. दोन्हींवर लाल पेन्सिलीचं अर्धं वर्तुळ. "हा माझा, हा हिचा. तुम्हीच आणून दिलेले. माझा बाप म्हणाला होता, बघ, दवाखान्याने चंद्र धाडलाय. दोन अर्धे मिळून पूर्ण. महिन्याभरात लग्न लावून दिलं आमचं."

मी खाली बसलो.

त्यावेळी अजून एक वाट होती, हे मी लपवणार नाही. मयूरीला ताप आला म्हणून लग्न लांबवता आलं असतं. बाज्याशी भांडण काढून मोडता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. साहेबांनीही असंच केलं होतं, पेन्सिल संपली म्हणून सांगितलं होतं. मी खिशातला कागद चाचपला आणि भिलाकडे पाहिलं. तो माझ्याकडून शाबासकीची वाट बघत होता.

"भिला," मी म्हटलं, "तो चंद्र नव्हता."

"मग काय होतं?"

"दोष होता. अर्धा म्हणजे अर्धा दोष. दोन अर्ध्यांचा पूर्ण म्हणजे पूर्ण आजार. तुमच्या पोटी येणाऱ्या मुलात. प्रत्येक मुलात नाही, पण चारातल्या एकात. साहेबांना सांगायचं होतं की अर्ध्या-अर्ध्याचं लग्न करू नका. ते म्हणायचं राहिलं. त्यांच्याकडून राहिलं आणि माझ्याकडूनही."

भिला हसला. खोटं हसला. "बाबा, आता असं बोलता? गुरुवारी लग्न आहे. सरळ सांगा ना, बाज्याला चांगलं स्थळ मिळालं म्हणून."

"मयूरीची शपथ."

"शपथा नका घालू! वीस वर्षं हा कागद मी देवाजवळ ठेवलाय. फडावर आमच्या खोपटाला आग लागली तेव्हा मी भांडी नाही काढली, हा डबा काढला. आणि तुम्ही म्हणता दोष?"

"त्यांना बोलू द्या," तुळशीबाई म्हणाली.

ती चुलीजवळ उभी होती. तिचा आवाज इतका हळू होता की भिला गप्प झाला.

"पूर्ण आजार म्हणजे काय होतं, बाबा?" तिने विचारलं. "मूल कसं दिसतं?"

मला उत्तर माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं मी ते दारोदार सांगितलं होतं. "हातपाय सुजतात," मी म्हटलं. "हाडं दुखतात, मूल आकांत करतं. डोळे पिवळे होतात. ताप येतो."

"थंडीत जास्त?"

"थंडीत जास्त."

ती भिलाकडे बघत म्हणाली, "किंजल."

त्यांना मिथुनच्या पाठीवर एक मुलगी झाली होती, हे मला माहीत नव्हतं. व्याऱ्याजवळ उसाच्या फडात जन्मली, म्हणून तिकडचं नाव ठेवलं. चार वर्षांची होऊन गेली. फडातले लोक म्हणाले, नजर लागली. भिलाच्या भावाने एका बाईकडे बोट दाखवलं, त्या बाईला खोपटं सोडून जावं लागलं. तुळशीबाईने हे मला चार वाक्यांत सांगितलं.

"तिचा कागद काय आला असता?" तिने विचारलं.

मी खिशातली झेरॉक्स काढू लागलो.

"सांगा. अर्धं नका सांगू आता."

"पूर्ण," मी म्हटलं.

भिलाने डबा उचलला आणि भिंतीवर मारला. आधारकार्डं चुलीपर्यंत उडाली. बाहेर खांब रोवण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, तो आता माझ्या अंगावर येईल, आणि आला असता तर मी हात वर केला नसता. पण तो जागेवरच उभा राहिला.

आवाज ऐकून मिथुन आत आला. चोवीस वर्षांचा, उंच, खांद्याला माती लागलेली. त्याला मी सगळं परत सांगितलं. झेरॉक्स वाचून दाखवली, बोट ठेवून, ओळ न ओळ. त्याने वाचून झाल्यावर आपल्या आईकडे पाहिलं आणि विचारलं, "मयूरीला माहीत आहे?"

"नाही."

"मग चला."

त्याने मला मोटरसायकलवर मागे बसवलं. आमचं गाव टेकडीपलीकडे. चढावर गाडी दोनदा बंद पडली, दोनदा त्याने ती किक मारून सुरू केली.

मयूरी अंगणात मैत्रिणींबरोबर तांदूळ निवडत होती. मिथुनला पाहून मुली खिदळत उठल्या. "अगं बाई, धीरच नाही की!" "हळदीआधी तोंड बघू नये, माहीत नाही का?" मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि एकेक करत निघून गेल्या.

बाज्या बाहेर आला. मी तिथेच, सगळ्यांसमोर, तिसऱ्यांदा सांगितलं. बाज्याने कपाळाला हात लावला. मयूरी मात्र मिथुनकडे बघत होती.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "कार्ड काढलंस का, म्हणून."

"घरच्यांनी पाहिलंय, असं सांगितलं मी."

"आणि मी गप्प बसले. आजानेही विचारलंय म्हटल्यावर बसले." मग ती माझ्याकडे वळली. "आजा, तू तर सगळ्या डोंगराला सांगायचास. तू कार्ड डोळ्याने का नाही पाहिलंस?"

"भिला म्हणाला, जुळतो."

"जुळतो!" तिने तो शब्द थुंकल्यासारखा टाकला.

बाज्या म्हणाला, आता घरोघरी निमंत्रणं देऊन झाली, जेवणाचं सांगून झालं, चारातलं एक म्हणजे तीन तर चांगली ना, देवावर हवाला ठेवू. मयूरीने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "उद्या आम्ही दोघं सरकारी दवाखान्यात जातो. प्रिस्किलाताईंना विचारतो. त्या आपल्याच बोलीत बोलतात."

"मी येतो बरोबर," मी म्हटलं.

"ये. पण आत नको. मध्ये कोणी नको, आजा. तूसुद्धा नको."

मंगळवारी सकाळी आम्ही गेलो. प्रिस्किलाताई दवाखान्यात सिकलसेलच्या लोकांशी बोलायचं काम करतात. त्यांनी दोघांना आत घेतलं आणि दार लावलं. मी बाहेर बाकावर बसलो. माझ्या शेजारी तुळशीबाई. भिला आला नव्हता. ती पहाटेच पायी निघून विसरवाडीला जीप धरून आली होती.

अशा खोल्यांत मी आयुष्यभर आत असायचो. डॉक्टर आणि माणूस यांच्या मधल्या स्टुलावर. दाराबाहेर बसून आतलं बोलणं कानावर न येणं मला ठाऊकच नव्हतं. अर्धा तास झाला, तास झाला. एकदा आतून मयूरीचा आवाज चढला, मग शांत झाला. तुळशीबाईने पिशवीतून भाकर काढली, माझ्यासमोर धरली. मी नको म्हटलं. तिने ती परत बांधून ठेवली, तीही जेवली नाही.

"ताई काय सांगतात आत?" तिने विचारलं.

"लग्न करता येतं, असंही सांगतात आता. दिवस राहिले की लवकर तपासणी करायची. त्यात पूर्ण आजार निघाला तर काय करायचं ते आईबापांनी ठरवायचं."

"ठरवायचं म्हणजे?"

मी सांगितलं. "मला कोणी ठरवायला सांगितलं असतं तर?" ती म्हणाली.

दार उघडलं. आधी मिथुन बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते, तो थेट नळाकडे गेला आणि तोंड धुऊ लागला. मयूरी मागून आली. माझ्याकडे न बघता ती तुळशीबाईसमोर उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मावशी, आम्ही नाही करणार."

"त्याने नाही म्हटलं?"

"तो करायला तयार होता. मीही रात्री तयार होते. पण ती तपासणी, ते ठरवणं, प्रत्येक वेळी... माझ्याने नाही होणार. आणि न तपासता तुमच्यासारखं..."

तुळशीबाईने तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि केसांवरून हात फिरवत राहिली. मी उठून नळाकडे गेलो. मिथुन म्हणाला, "लोकांना काय सांगायचं, बाबा? गावात म्हणतील, पोरीत खोट निघाली. नाहीतर म्हणतील, पोरात निघाली."

"मी सांगेन," मी म्हटलं.

आमच्याकडे लग्नाचं निमंत्रण घरोघरी जाऊन, हळदीचे तांदूळ देऊन सांगतात. मोडलं तर तेही घरोघरी जाऊनच सांगावं लागतं. ते काम कोणी घेत नाही. मंगळवारी दुपारी मी आमच्याच गावातून सुरुवात केली.

पहिलं घर माझ्याच वयाच्या एका म्हाताऱ्याचं. मी ओट्यावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. वर्तुळं, साहेब, माझी चूक, दोन अर्धे म्हणजे काय, आणि त्यात पोरीचा दोष नाही, पोराचाही नाही. एकही गोष्ट गृहीत धरली नाही. पूर्वी इतकं सांगून झालं की मी पिशवी उचलून पुढच्या घरी जायचो. या वेळी थांबलो.

"आता तू मला सांग," मी म्हटलं, "मी काय म्हणालो?"

म्हाताऱ्याने विडी विझवली, विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे दोघांचे ग्रह जुळले नाहीत."

मी चपला काढल्या आणि ओट्यावर आणखी आत सरकून बसलो.